फ्रेडरिक फॉरसाइथ: काय वाचावं, काय सोडावं आणि पुढे कोणाकडे वळावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'द डे ऑफ द जॅकल'ची नवी मालिका पाहिली, म्हणून मूळ कादंबरी मिळवून वाचली, ती मालिकेपेक्षा जास्त आवडली. आता फॉरसाइथचं आणखी काय वाचू, आणि तो संपला की त्याच्यासारखं लिहिणारे कोण?

मी वर्गणीवर चालणारी लायब्ररी चालवतो. इंग्रजी थ्रिलरचं कपाट आमच्याकडे सगळ्यात जास्त हाताळलं जातं, त्यामुळे हा प्रश्न काउंटरवर नेहमी येतो. नुसती पाच-सहा नावं सांगून मोकळं होता येतं, पण मग निम्मे सभासद पुढच्या आठवड्यात पुस्तक अर्धवट वाचून परत आणतात. 'फॉरसाइथसारखं' म्हणताना एकाला बंदुकीची जुळवाजुळव आठवत असते, दुसऱ्याला पॅरिस, तिसऱ्याला तो शांत डोक्याचा पोलीस तपासनीस लेबेल. तेव्हा आधी हा माणूस लिहायचा कसा, ते पाहू. पुढची नावं त्यातूनच निघतात.

एक गोष्ट आधी सांगतो. २०२४ च्या मालिकेतला एडी रेडमेनचा जॅकल आजच्या काळातला आहे, त्याला बायको आहे, मूल आहे, मागचा इतिहास आहे. कादंबरीतल्या जॅकलला, म्हणजे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला पैसे देऊन नेमलेल्या मारेकऱ्याला, खरं नावसुद्धा नाही. तो कुठून आला, असा का झाला, यावर फॉरसाइथ शाई खर्च करत नाही. तुम्हाला मूळ पुस्तक जास्त आवडलं असेल तर त्याचं कारण बहुधा हेच. १९७३ चा फ्रेड झिनेमानचा सिनेमा पुस्तकाच्या कितीतरी जवळचा आहे, जमलं तर बघा.

फॉरसाइथचा जन्म १९३८ चा, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ॲशफर्डचा. एकोणिसाव्या वर्षी तो हवाई दलात 'व्हॅम्पायर' जातीची जेट विमानं उडवत होता. तिथून बाहेर पडल्यावर नॉरफोकमधल्या एका प्रादेशिक दैनिकात उमेदवारी केली आणि १९६१ मध्ये रॉयटर्समध्ये लागला. फ्रेंच उत्तम यायचं, म्हणून १९६२ मध्ये त्याला पॅरिसला पाठवलं. त्याच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं भांडवल त्या नेमणुकीत आहे.

तेव्हाचं पॅरिस काय होतं? राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी अल्जीरिया ही वसाहत सोडायचा निर्णय घेतला होता आणि त्यामुळे खवळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांची 'ओएएस' ही गुप्त संघटना त्यांच्या जिवावर उठली होती. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसच्या वेशीवर पती-क्लामार इथे त्यांच्या सित्रोएन गाडीवर शंभराहून जास्त गोळ्या झाडल्या गेल्या. टायर फुटले, काचा फुटल्या, द गॉल मात्र सुखरूप. या कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घालून देहदंड दिला गेला. कादंबरीची सुरुवात याच प्रसंगाने होते आणि पहिल्याच वाक्यात घड्याळातली वेळ येते: सकाळचे सहा चाळीस.

द गॉल कुठे बाहेर पडले की परदेशी वार्ताहरांचा घोळका मागे असायचा. न बोललेलं कारण एकच, आज काही झालं तर बातमी चुकायला नको. त्या घोळक्यात उभ्या असलेल्या फॉरसाइथच्या डोक्यात एक हिशेब तयार झाला. ओएएसमध्ये पोलिसांचे खबरे इतके घुसलेत की त्यांचा कुठलाही कट फुटणारच. मग यशाची शक्यता कधी? कुणाच्याच दप्तरी नोंद नसलेला बाहेरचा माणूस पैसे मोजून आणला तर. हा हिशेब त्याने कित्येक वर्षं वापरला नाही.

मधल्या काळात तो पूर्व बर्लिनमध्ये होता. तिथला एक किस्सा त्याच्या आठवणींत आहे. १९६४ च्या एप्रिलमध्ये रात्री रस्त्यावरून रणगाडे आणि तोफा चाललेल्या पाहून त्याने ताबडतोब बातमी पाठवली आणि पाश्चिमात्य राजधान्यांत एकच धावपळ उडाली. सकाळी कळलं की ती मे दिनाच्या संचलनाची तालीम होती. पुढे तो बीबीसीत गेला आणि १९६७ मध्ये त्याला नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राचं युद्ध टिपायला पाठवलं. तिथल्या भूकबळींच्या बातम्या हव्या तशा दिल्या जात नाहीत म्हणून भांडून त्याने बीबीसी सोडली आणि स्वतंत्र वार्ताहर म्हणून पुन्हा तिथेच गेला. 'द बियाफ्रा स्टोरी' हे त्याचं पहिलं पुस्तक, १९६९ चं. कादंबरी नाही, युद्धाचा वृत्तांत. तो एकतर्फी आहे अशी टीका तेव्हाही झाली आणि वाचताना ती पटते. पण संताप खरा आहे.

जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा पडलं. फॉरसाइथ लंडनमध्ये, खिसा रिकामा, नोकरी नाही, झोपायला मित्राच्या घरातला सोफा. गोळीचा ओरखडा पडलेल्या टाइपरायटरवर त्याने ३५ दिवसांत 'जॅकल' लिहून काढली. आपण पैशासाठी लिहिलं, हे त्याने आयुष्यभर न लाजता सांगितलं.

प्रकाशकांनी ती धडाधड नाकारली. त्यांची शंका साधी होती: द गॉल जिवंत आहेत, धडधाकट आहेत, म्हणजे कट फसला हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत आहे, मग तो वाचेल कशाला? शेवटी हचिन्सन या प्रकाशनसंस्थेने धोका पत्करला आणि १९७१ मध्ये पुस्तक आलं. पहिली आवृत्ती ८,००० प्रतींची. पुढच्या वर्षी अमेरिकेतला सर्वोत्कृष्ट रहस्यकादंबरीचा एडगर पुरस्कार मिळाला. सिनेमाचे हक्क मात्र त्याने २०,००० पौंडांच्या एकरकमी मोबदल्यात देऊन टाकले होते.

प्रकाशकांची ती शंका मराठी वाचकाला पडायचं कारण नाही. विश्वास पाटलांची 'पानिपत' उघडताना शेवट काय होणार हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, तरी ती आपण वाचतोच. 'काय झालं' हे माहीत असलं की सगळं लक्ष 'कसं झालं' याकडे जातं. फॉरसाइथचा सगळा थरार या 'कसं'मध्ये आहे. पासपोर्ट कसा मिळवायचा? गावोगावच्या दफनभूमीत हिंडून, लहानपणीच वारलेल्या आणि आज जगला असता तर आपल्याच वयाचा असता अशा मुलाचं नाव शोधायचं, त्याचा जन्मदाखला काढायचा आणि त्या नावाने अर्ज करायचा. ही क्लृप्ती खरी होती, आणि ब्रिटनमध्ये ती पुढे कित्येक वर्षं चालत राहिली. इतकंच काय, वेश बदलून आंदोलकांच्या गटांत घुसणारे ब्रिटिश पोलिसही मेलेल्या मुलांची नावं याच पद्धतीने घ्यायचे आणि आपसात त्याला 'जॅकल रन' म्हणायचे. २०१३ मध्ये हे प्रकरण बाहेर आलं तेव्हा त्यावरून मोठा गदारोळ झाला.

म्हणजे फॉरसाइथ हा मुळात वार्ताहर. तो पात्रांच्या मनात फारसा शिरत नाही. तो कार्यपद्धती सांगतो, तारीख सांगतो, रस्त्याचं नाव सांगतो, खऱ्या माणसांच्या शेजारी खोटी माणसं उभी करतो आणि वाचणाऱ्याला त्यांच्यातली शिवण दिसू देत नाही.

आता पुढे काय वाचायचं. 'जॅकल'नंतर लगेच 'द ओडेसा फाइल' (१९७२) घ्या. हॅम्बुर्गचा एक तरुण पत्रकार, केनेडींच्या खुनाची बातमी गाडीच्या रेडिओवर येते ती रात्र, एका म्हाताऱ्या ज्यूची आत्महत्या आणि त्याने मागे ठेवलेली रोजनिशी. त्यातून रीगाच्या ज्यू वस्तीवर राज्य केलेल्या एडुआर्ड रोशमान या नाझी अधिकाऱ्याचा शोध सुरू होतो. रोशमान हा खरा माणूस, आणि पुस्तक आलं तेव्हा तो दक्षिण अमेरिकेत जिवंत होता. नाझी गुन्हेगारांच्या मागावर असलेल्या सायमन विझेंथालने फॉरसाइथला या पुस्तकासाठी मदत केली होती. १९७४ मध्ये सिनेमा निघाला, रोशमानचं नाव जगभर झालं; पुढे अर्जेंटिनातून पळून तो पराग्वेला गेला आणि १९७७ मध्ये तिथेच मेला. माझ्या मते रोजनिशीची पानं हे फॉरसाइथने लिहिलेलं सगळ्यात चांगलं गद्य आहे. इथे तो कार्यपद्धती विसरतो.

तिसरं 'द डॉग्ज ऑफ वॉर' (१९७४). आफ्रिकेतल्या एका छोट्या देशात प्लॅटिनम सापडतं, लंडनचा एक उद्योगपती भाडोत्री सैनिक पाठवून तिथलं सरकारच उलथवायचं ठरवतो. पुस्तकाचा मोठा भाग खरेदीत जातो: बोट, बंदुका, दारूगोळा, कोणत्या देशाचा कोणता परवाना. काही सभासदांना हे कंटाळवाणं होतं. मला हाच भाग आवडतो. या संशोधनासाठी तो खोट्या नावाने हॅम्बुर्गच्या शस्त्रदलालांमध्ये वावरत होता. एके दिवशी त्यांच्यापैकी एकाला पुस्तकाच्या दुकानाच्या काचेत 'जॅकल'ची जर्मन आवृत्ती दिसली, मागे लेखकाचा फोटो. फॉरसाइथला हॉटेलवर फोन आला की ताबडतोब नीघ, आणि तो सुटत्या गाडीत उडी मारून वाचला. किस्सा त्याचा स्वतःचा आहे, तेव्हा चिमूटभर मीठ-मसाला गृहीत धरा.

मग मोठ्या कादंबऱ्या थोड्या थांबवा आणि 'नो कमबॅक्स' (१९८२) हा कथासंग्रह घ्या. त्यातली 'देअर आर नो स्नेक्स इन आयर्लंड' ही कथा आपल्याला विशेष जवळची वाटेल. उत्तर आयर्लंडमध्ये डॉक्टरकी शिकणारा रामलाल हा पंजाबी मुलगा फीच्या पैशासाठी इमारती पाडण्याच्या कामावर जातो. तिथला दांडगा मुकादम त्याचा अपमान करतो. सूडाचं हत्यार मिळवायला तो मुंबईला येतो, थेट ग्रँट रोडला, आणि तिथून काय नेतो? फुरसं! कोकणातल्या माणसाला त्या सापाची ओळख करून द्यायला नको. या कथेलाही एडगर मिळालं. शेवट सांगत नाही.

'द डेव्हिल्स आल्टरनेटिव्ह' (१९७९) जरा दुर्लक्षित राहिली, पण आज वाचायला हवी: सोव्हिएत रशियात गव्हाचं पीक बुडतं, युक्रेनी राष्ट्रवादी एक अजस्र तेलवाहू जहाज ताब्यात घेतात, आणि कुठलाही पर्याय निवडला तरी माणसं मरणारच असा पेच उभा राहतो. 'द फोर्थ प्रोटोकॉल' (१९८४) मध्ये अणुबॉम्बचे सुटे भाग एकेक करून ब्रिटनमध्ये आणले जातात. ही त्याची शेवटची पूर्ण घट्ट विणलेली कादंबरी. आखाती युद्धावरची 'द फिस्ट ऑफ गॉड' (१९९४) लांबलचक आहे, पण बगदादमध्ये माळी म्हणून राहणाऱ्या इंग्रज हेराचा धागा फार चांगला आहे.

त्यानंतरचं सोडलं तरी चालेल. 'द अफगाण', 'द कोब्रा', 'द किल लिस्ट' यांत माहिती तेवढीच, पण माणसं पुठ्ठ्याची. कधीकधी संरक्षण खात्याचं माहितीपत्रक वाचतोय असं वाटतं. स्त्री-पात्रं तर त्याला सुरुवातीपासूनच जमली नाहीत. त्या येतात, सुंदर असतात आणि मरतात किंवा निघून जातात. १९९० च्या सुमारास गुंतवणुकीत फसवणूक होऊन त्याची मोठी पुंजी बुडाली, आणि निवृत्त होऊ पाहणारा माणूस पुन्हा टाइपरायटरकडे वळला. काही पुस्तकांत ती गरज दिसते.

दोन पुस्तकं मात्र सोडू नका. एक आधीचं, 'द शेपर्ड' (१९७५), तासाभरात संपणारी दीर्घकथा: नाताळच्या आदल्या रात्री धुक्यात यंत्रं बंद पडलेलं व्हॅम्पायर विमान आणि त्याला वाट दाखवायला आलेलं दुसरं विमान. कॅनडाच्या रेडिओवर दर नाताळला तिचं वाचन लागतं. दुसरं 'द आउटसायडर' (२०१५) हे आत्मकथन. वीसेक वर्षं आपण ब्रिटिश गुप्तचर खात्याची बिनपगारी कामं करत होतो, हे त्याने यात उघड केलं. ड्रेस्डेनच्या संग्रहालयात, स्वच्छतागृहाच्या दाराखालून एका रशियन अधिकाऱ्याकडून पुडकं घेतल्याचं प्रकरण त्याच्या कुठल्याही कादंबरीत शोभलं असतं. जून २०२५ मध्ये ८६ व्या वर्षी तो गेला. तोवर साडेसात कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या.

आता त्याच्यानंतरचे.

शिकारी आणि सावज हे आवडलं असेल तर आधी मागे जा. जेफ्री हाउसहोल्डची 'रोग मेल' (१९३९) म्हणजे 'जॅकल'ची आजी: एक इंग्रज शिकारी युरोपातल्या एका हुकूमशहाला बंदुकीच्या टप्प्यात आणतो, पकडला जातो, सुटतो, आणि मग त्याचीच शिकार सुरू होते. दोनशेच्या आसपास पानं, एका बैठकीचं काम. त्यापाठोपाठ केन फॉलेटची 'आय ऑफ द नीडल' (१९७८). नॉर्मंडीच्या स्वारीआधी दोस्तांनी पूर्व इंग्लंडमध्ये खोटं सैन्य उभं केलं होतं, प्लायवूडची विमानं वगैरे. एका जर्मन हेराला ते कळतं आणि त्याने ते हिटलरपर्यंत पोचवायचं आहे. इथेही शेवट इतिहासाने आधीच सांगून ठेवलेला. शिवाय फॉरसाइथला न जमलेली गोष्ट फॉलेटला जमली आहे: कथेचा निकाल लावणारी बाई जिवंत, रागलोभ असलेली आहे. फॉलेटच्या नंतरच्या हजार-हजार पानी ऐतिहासिक कादंबऱ्या हा वेगळा मामला, त्यांच्याशी गल्लत करू नका. जॅक हिगिन्सची 'द ईगल हॅज लँडेड' (१९७५) चर्चिलच्या अपहरणाच्या कटाची. हलकी आहे, पण मजा येते.

इतिहास आणि कल्पना यांची बेमालूम शिवण आवडली असेल तर रॉबर्ट हॅरिस. माझं मत विचाराल तर फॉरसाइथचा खरा वारस हाच. तोही पत्रकार, बीबीसीतच काम केलेला. पण त्याची भाषा फॉरसाइथपेक्षा सरस आणि माणसं जास्त खरी. 'फादरलँड' (१९९२) मध्ये हिटलर युद्ध जिंकलाय, साल १९६४, आणि बर्लिनचा एक पोलीस तपासनीस अशा फाइलवर येतो जी असायलाच नको. तुम्हाला पॅरिस हवं असेल तर 'ॲन ऑफिसर अँड अ स्पाय' (२०१३): ड्रेफस प्रकरण, फ्रेंच लष्कराने निरपराध माणसाला अडकवल्याचं पिकार या अधिकाऱ्याच्या लक्षात येतं, आणि वरिष्ठांना ते ऐकायचं नाही. एकही बंदूक न चालवता इतका ताण क्वचित पाहिलाय.

'जॉन ल कारे वाचू का?' असं प्रत्येकजण विचारतो. वाचा, पण फॉरसाइथसारखा म्हणून नको. ल कारे स्वतः गुप्तचर खात्यात होता आणि त्याला 'कसं'पेक्षा 'का' छळतं. फॉरसाइथकडे आपली बाजू आणि त्यांची बाजू ठरलेली असते. ल कारेच्या पुस्तकात दोन्ही बाजू सारख्याच मळलेल्या. 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६३) पासून सुरुवात करा, ती लहान आणि सरळ आहे. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७४) पहिल्या फटक्यात घेऊ नका. माझे सगळ्यात जास्त सभासद याच पुस्तकावर अडकतात. या दोघांच्या मधला रस्ता हवा असेल तर जेराल्ड सेमूर: टीव्हीचा वार्ताहर, 'हॅरीज गेम' (१९७५) मध्ये बेलफास्टमध्ये घुसवलेला एकटा ब्रिटिश अधिकारी. फॉरसाइथची माहिती, ल कारेची उदासी. आपल्याकडे त्याचं नाव फारसं घेतलं जात नाही, रद्दीच्या दुकानात मात्र हमखास मिळतो.

नवीन काही हवं असेल तर टेरी हेजची 'आय ॲम पिल्ग्रिम' (२०१३). जाडजूड, काही योगायोग न पटणारे, पण देवीचे विषाणू घेऊन निघालेला एकटा माणूस आणि त्याच्या मागावरचा दुसरा, ही मांडणी थेट 'जॅकल'ची. सीआयएमध्ये विश्लेषक राहिलेल्या डेव्हिड मॅक्लॉस्कीची 'दमास्कस स्टेशन' (२०२१) पाळत कशी चुकवायची हे इतक्या बारकाईने सांगते की फॉरसाइथने मान डोलावली असती. टॉम क्लॅन्सी मात्र पाणबुड्या आणि क्षेपणास्त्रांची आवड असेल तरच, आणि तीही 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' (१९८४) पुरती.

फॉरसाइथची बरीच पुस्तकं मराठी अनुवादात आहेत. इंग्रजी अवघड वाटत असेल तर बिनदिक्कत मराठीत वाचा, कारण त्याच्या गद्याची खुमारी भाषेत नाही, रचनेत आहे. ल कारे आणि हॅरिस मात्र शक्यतो मूळ इंग्रजीत. मराठीतली आपली थरारकथा, बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारपासून सुहास शिरवळकरांपर्यंत, नायकाच्या रुबाबावर चालते. कागदपत्रांच्या जोरावर चालणारी अशी परंपरा आपल्याकडे फारशी रुजली नाही. ती चव मुंबईच्या मातीत हवी असेल तर कादंबरी सोडून एस. हुसेन झैदींची 'ब्लॅक फ्रायडे' (२००२) घ्या. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा हा वृत्तांत आहे: आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरलं ते कसं, गाड्यांत भरलं ते कुठे, आणि वरळीत सापडलेल्या एका व्हॅनपासून पोलीस मेमन कुटुंबापर्यंत पोचले ते कोणत्या धाग्याने.